फोनवर कॅनव्हा उघडण्याआधी आणि उघडल्यावर

छोट्या दुकानांच्या पोस्ट आणि रील बनवून द्यायचं काम मी सांगलीत करते, आणि ते जवळजवळ सगळं फोनवरच होतं. ग्राहक म्हणजे मसाले-फराळवाल्या काकू, एक साड्यांचं दुकान, दोन-तीन क्लासेस, गणपतीत एखादं मंडळ. लॅपटॉप नसताना हे जमेल का, असं विचारायला कॉलेजची मुलंमुली येतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते.

अ‍ॅप मी कॅनव्हा वापरते. सिडनीत २०१३ साली सुरू झालेलं. त्याआधी एवढ्याच कामासाठी कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपी आणि हे सगळं येणारा एक डीटीपीवाला लागायचा. आता फोटो, अक्षरं, व्हिडिओ, गाणं एकाच पडद्यावर जुळवता येतं. नवशिक्यांचा घोळ होतो तो ह्याच सुबत्तेमुळे. सोमवारी गुलाबी फुलांचं टेम्प्लेट, म्हणजे अ‍ॅपमधला आयता नमुना, आवडतं, बुधवारी काळं-सोनेरी, शुक्रवारी केळीची पानं. महिन्याभराने प्रोफाइल उघडून पाहिलं तर दुकान एकाचं आहे की चौघांचं, कळत नाही.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी टेम्प्लेट शोधूच देत नाही. ग्राहकाचं पाकीट, पाटी किंवा पिशवी मागवायची. त्यावरचा रंग उचलायचा, अ‍ॅप त्या रंगाचा जो सहा अक्षरी कोड दाखवतं तो नोट्समध्ये लिहून ठेवायचा. एक फाँट मथळ्याला, एक मजकुराला. मग तीनच साचे करायचे: वस्तू आणि भाव सांगणारा, माहिती देणारा, सणावाराचा. पुढच्या प्रत्येक पोस्टला त्यातल्या एकाची कॉपी काढून आतलं बदलायचं. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या. ते आपल्याला वाटतं, गिऱ्हाइकाला आठवड्यातून एखादीच पोस्ट दिसते. ब्रँड किटची, म्हणजे दुकानाचे रंग-फाँट अ‍ॅपमध्येच साठवण्याची, पूर्ण सोय पैसे भरणाऱ्यांना मिळते, पण नोट्समधला रंगाचा कोड तेच काम फुकटात करतो. मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं सुरुवातीला टाळा. फुकटच्या खात्यावर ती वॉटरमार्कसकट दिसतात आणि तो काढायला पैसे पडतात.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण पोस्ट नवख्याची आहे हे इथेच उघडं पडतं. बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडून ठेवलेलं असतं, कारण रोमन कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. त्या जागी ‘दिवाळी फराळ’ लिहिलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लटकतं. आधी ते अंतर शून्यावर आणा. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. रोमनसाठी बसवलेल्या ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. तिसरी गोष्ट फाँटची. टेम्प्लेटमधल्या फाँटमध्ये देवनागरी नसली तर अ‍ॅप आपल्या मनाने दुसरा फाँट लावतं आणि मथळा सरकारी नोटिशीसारखा दिसायला लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू, किंवा हिंद, पॉपिन्स ह्यांत देवनागरी नीट आहे. भाव आणि पत्ता मुक्तात, मथळा बालूत, एवढ्यावर माझी कितीतरी कामं निघतात.

फाँट नक्की करण्याआधी त्यात ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘आचाऱ्यांच्या’ असे शब्द लिहून पाहा. ‘आमच्या आचाऱ्यांच्या हातची चव’ ह्या ओळीत अर्ध्या र चा रफार झाला की थेट आचार्यच स्वयंपाकघरात उतरतात. दर वेळी दोष फाँटचा असतो असं नाही. टाइप करताना खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, आणि त्यासाठी फोनवर हिंदीचा नाही, मराठीचा कीबोर्ड चालू करावा लागतो.

मजकूर मी अ‍ॅपमध्ये लिहीतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवते, मोठ्याने वाचते, मग चिकटवते. अ‍ॅपमध्ये मजकूर लिहून देणारं एआय आहे आणि मराठीही ते लिहितं, पण ‘आमच्या स्वादिष्ट पदार्थांसह आपला सण खास बनवा’ असलं काहीतरी हातात ठेवतं. काकूंच्या गिऱ्हाइकाला हवं असतं ते वेगळंच: भाजणीची चकली, अर्धा किलो, भाव किती, तेल कोणतं, ऑर्डर कधीपर्यंत, घरपोच की येऊन न्यायचं. एवढं आलं की पोस्ट झाली. आणि ती नवरात्रातच जायला हवी. वसुबारसेला टाकलेली फराळाची पोस्ट शुभेच्छापत्र म्हणूनच उपयोगी.

फोटोला महागडा फोन लागत नाही, खिडकी लागते. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट आत येत नसलेल्या खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून. स्टीलचं ताट नको. त्यात तुम्ही, फोन आणि छतावरचा पंखा सगळे दिसता. चकलीचा फोटो काढायचा तर एक चकली मोडून ठेवायची. आतली पोकळी आणि बाहेरचे काटे एकत्र दिसले की ती खुसखुशीत आहे हे वेगळं लिहावं लागत नाही. पार्श्वभूमी काढून टाकायचं बटण नवशिक्यांना फार भुरळ घालतं. कॅनव्हात ते पैसे भरल्यावरच मिळतं, आणि खाण्याच्या पदार्थाला माझ्या मते ते शोभतही नाही. चकली हवेत तरंगताना कोणी खाल्ली आहे?

मापांचं थोडक्यात. इन्स्टाग्रामची पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेल, स्टोरी आणि रील १०८० बाय १९२०. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर चौरसांऐवजी उभे आयत दिसायला लागले, तेव्हा चौरस पोस्ट आता सोडून दिलेली बरी. रीलमध्ये खालचा भाग आणि उजवी कड मोकळी ठेवा, तिथे नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. फोन नंबर तिथे टाकला तर तो कोणालाच दिसत नाही. दुकानदार कधीतरी म्हणणारच, "हेच जरा फ्लेक्सवर छापून द्या." तेव्हा सांगा की १०८० पिक्सेलचं चित्र चांगल्या छपाईला, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), जेमतेम ९ सेंटीमीटर रुंद भरतं. फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने त्याला इतका बारकावा लागत नाही, तरी हे चित्र ताणून चालत नाही. ते वेगळं काम आहे, त्याचे पैसेही वेगळे.

व्हिडिओ कॅनव्हात होतो, पण चार-पाच तुकडे जोडून वर नाव टाकण्यापुरताच मी तो तिथे करते. बोलण्याच्या लयीवर काटछाट करायची असेल तर इनशॉट किंवा इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं एडिट्स ही अ‍ॅप हाताला बरी. एकाच अ‍ॅपमध्ये सगळं झालंच पाहिजे असा हट्ट नको. गाण्याचं मात्र आधीच विचारून ठेवा: दुकानाचं खातं बिझनेस असेल तर इन्स्टाग्रामवर चालू सिनेमाची गाणी सहसा मिळत नाहीत, आणि बाहेरून चिकटवलेलं गाणं हक्काच्या कारणाने केव्हाही बंद पडू शकतं. काकूंच्या कढईतला तळणीचा आवाज फुकट आहे आणि मला तो जास्त आवडतो.

ह्या धंद्यात २०२० साल विसरू नये. २९ जूनला केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपांवर बंदी आणली. त्यात टिकटॉक होतं, तसंच कित्येकांचं रोजचं एडिटिंगचं व्हिवाव्हिडिओही होतं. अ‍ॅप आज चांगलं चाललंय म्हणजे उद्या असेलच असं नाही. मूळ फोटो, कच्चे व्हिडिओ आणि मजकूर ग्राहकाच्या नावाने गूगल ड्राइव्हवर ठेवा. तयार पोस्ट ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून गेली की दाबली जाऊन बारीक अक्षरं पुसट होतात.

पैशांचं आधीच बोलायचं, ओळखीच्या माणसाशी तर नक्कीच. ‘बघ ना जरा, दोन मिनिटांचं काम’ म्हणणारे बहुतेक ओळखीचेच असतात. महिन्याला किती पोस्ट, किती रील, दुरुस्ती किती वेळा, फोटो कोण काढणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्यांच्याकडून ‘ओके’ घ्यायचं. मी दोन दुरुस्त्या धरते. ग्राहकाने भाव चुकीचा कळवला म्हणून करावा लागलेला बदल तिसऱ्या दुरुस्तीत मोडतो. निम्मे पैसे आधी.

दुकानाच्या खात्याचा पासवर्ड मात्र घेऊ नका, त्यांनी आपणहून दिला तरी. मेटा बिझनेस सूट ह्या मेटाच्याच सोयीतून दुकानदाराला तुमच्या नावाने प्रवेश देता येतो, पोस्टची वेळ तिथूनच फुकटात लावता येते, आणि काम थांबलं की त्यांना तो काढूनही घेता येतो. काकूंच्या मुलाला शेजारी बसवून हे एकदा करून घ्या, म्हणजे ओटीपीसाठी भर दुपारी त्यांना झोपेतून उठवावं लागत नाही.