जर्मनीत विखुरलेल्या नागपूरकर मित्रांनी जोडसुटीत प्रागची सहल कशी आखावी

नागपूरच्या एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेली मित्रमंडळी जर्मनीत गेली, तरी ती एका गावात राहत नाहीत. कुणी आखेनला शिकत असते, कुणी ड्रेस्डेनला, तर कुणी म्युनिकला नोकरीत असते. अशा गटाची तीन दिवसांची सहल शहर पाहण्यापेक्षा एकमेकांना भेटण्यासाठीच अधिक असते, आणि हे आधीच मान्य केले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. शहर एकच निवडावे, सर्वांनी एकाच घरात उतरावे आणि दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे. तीन दिवसांत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट उरकण्याचा आग्रह धरणारा मित्र प्रत्येक गटात असतो. त्याचे म्हणणे प्रेमाने ऐकून घ्यावे आणि बाजूला ठेवावे. येथे प्रागचे उदाहरण घेतले आहे, कारण जर्मनीच्या पूर्व आणि दक्षिण भागातून तेथे पोहोचणे सोपे आहे.

पहिली पायरी: सुट्या जुळवणे

तान्ह्या पोळ्याला नागपुरात स्थानिक सुटी असते आणि पुण्या-मुंबईत नसते. जर्मनीतही राज्याराज्यांच्या सुट्या तशाच वेगळ्या असतात. फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाच्या गुरुवारी म्युनिक आणि आखेन बंद असते, पण बर्लिन आणि ड्रेस्डेनमध्ये कामाचा दिवस असतो. ३१ ऑक्टोबरला ड्रेस्डेनच्या मित्राला सुटी मिळते, तर म्युनिकच्या मित्राला ती दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला मिळते. म्हणून देशभर लागू असलेल्या सुट्यांपैकीच एक निवडावी: गुड फ्रायडे ते ईस्टरचा सोमवार, १ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार किंवा ३ ऑक्टोबर. स्वर्गारोहण दिन नेहमी गुरुवारीच येत असल्यामुळे शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. मात्र ही युक्ती साऱ्या कार्यालयाला ठाऊक असते, त्यामुळे त्या शुक्रवारची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेवावी.

दुसरी पायरी: कागदपत्रे

जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला शेंगेन क्षेत्रातील (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता जाता येते. चेक प्रजासत्ताक या क्षेत्रात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यामुळे लंडनचा बेत असेल तर व्हिसाची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते. मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही जवळ ठेवावीत. मोबाइलमधील छायाचित्रावर भिस्त ठेवू नये. ज्याच्या परवान्याचे नूतनीकरण चालू आहे आणि हातात केवळ तात्पुरते प्रमाणपत्र आहे, त्याने त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल का, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे आणि उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नये. सरकारी आरोग्य विमा असणाऱ्यांच्या कार्डाच्या मागील बाजूस युरोपीय विमा कार्ड असते, तेही सोबत घ्यावे.

तिसरी पायरी: तिकिटे आणि मुक्काम

बर्लिनहून प्रागला थेट रेल्वेने साधारण सव्वाचार तास लागतात आणि हीच गाडी ड्रेस्डेनवरून जाते. पुण्याला जायचे तर अख्खी रात्र गाडीत काढणाऱ्या नागपूरकराला हे अंतर फारसे वाटणार नाही. ड्रेस्डेन सोडल्यावर मार्ग एल्ब नदीच्या काठाने जातो. प्रागकडे जाताना नदी डाव्या हाताला राहते, तेव्हा आसन आरक्षित करताना डावी खिडकी मागावी; आरक्षण सक्तीचे नसले तरी जोडसुटीत ते न करणे म्हणजे उभ्याने प्रवास करण्याची तयारी ठेवणे होय. म्युनिकहून वेळ जास्त लागतो, आणि आखेनच्या मित्राचा प्रवास तर जवळजवळ दिवसभराचा होतो, त्यामुळे भेटीची वेळ त्याच्या गाडीवरून ठरवावी.

विद्यार्थ्यांकडे असलेले डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या स्थानिक वाहतुकीचा मासिक पास, दूर पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. म्हणून गाडी बदलायची असली तरी संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढावा. तसे केल्यास पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली तर दुसऱ्या गाडीने जाता येते, आणि मुक्कामी पोहोचायला तासाभराचा उशीर झाल्यास भाड्याचा २५ टक्के, दोन तासांचा झाल्यास ५० टक्के परतावा मागता येतो.

मुक्कामासाठी ट्रामच्या मार्गावरचे, स्वयंपाकघर असलेले घर बघावे. शाकाहारी मित्राला चेक खाणावळीत तळलेल्या चीजपलीकडे फार काही मिळेलच असे नाही. सकाळी घरीच पोहे केले की त्याची निम्मी चिंता मिटते, तर्री मात्र ज्याने मसाला आणला असेल त्याच्या भरवशावर. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तेथे शांतता पाळावी लागते, हे गप्पा रंगण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.

चौथी पायरी: पैसे

मैत्रीत कडवटपणा येतो तो बहुधा येथे. गटातला एक पूर्ण पगारावर असतो, तर दुसरा ब्लॉक्ड अकाउंटमधून (विद्यार्थी व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला मिळणाऱ्या ९९२ युरोंत घरभाडे, विमा आणि जेवण भागवत असतो. तो 'मला परवडणार नाही' असे तोंडाने कधी म्हणत नाही. तो 'बघतो' म्हणतो आणि शेवटच्या आठवड्यात गळतो. त्यामुळे शहर ठरवण्याआधी प्रत्येकाने आपली कमाल रक्कम कळवावी आणि सर्वांत कमी आकड्यावर सहल बेतावी. घरभाडे आणि किराणा समान वाटून घ्यावा. बिअर, मांसाहार आणि महागडी प्रवेशतिकिटे ज्याची त्याने भरावीत. स्प्लिटवाइजसारख्या ॲपवर खर्च त्याच दिवशी नोंदवावा. मीच आत्ता भरतो, नंतर बघू, असे म्हणणाऱ्या उदार मित्रालाही यात सूट देऊ नये.

चेक प्रजासत्ताकात युरो नव्हे, तर कोरुना हे चलन चालते. कार्डाच्या यंत्राने रक्कम युरोमध्ये घ्यायची का, असे विचारल्यास नकार देऊन कोरुनाच निवडावे, कारण यंत्राचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. पर्यटनस्थळांजवळच्या विनिमय केंद्रात नोटा बदलून फसगत झाल्याचे लक्षात आले, तर पावती दाखवून तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करण्याचा हक्क चेक कायद्याने दिलेला आहे.

पाचवी पायरी: तीन दिवसांचा क्रम

येथे वारांचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यू संग्रहालयाच्या अखत्यारीतील योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) शनिवारी बंद असतात, आणि प्रागच्या किल्ल्यातील सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी दुपारपर्यंत प्रार्थनेमुळे पर्यटकांना खुले नसते. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी योसेफोव्ह असे ठेवावे. १३४४ मध्ये सुरू झालेले हे कॅथेड्रल १९२९ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा ते घाईने पाहू नये. १३५७ मध्ये पायाभरणी झालेल्या चार्ल्स पुलावर सूर्योदयाच्या सुमारास जावे. दुपारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. १४१० च्या खगोलीय घड्याळासमोर दर तासाला जमणारी गर्दी एकदा पाहिली तरी पुरे. थोडा वेळ हाताशी असल्यास देयवित्से भागातील ठाकुरोव्हा रस्त्यावर चक्कर मारावी. तो रस्ता रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा आहे.

प्रागच्या मेट्रो-ट्रामचे कागदी तिकीट नुसते विकत घेऊन भागत नाही, मेट्रोच्या प्रवेशद्वाराशी किंवा ट्राममध्ये ते छापयंत्रात घालून त्यावर वेळ उमटवावी लागते. न छापलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी नसल्यासारखेच असते.

निघण्यापूर्वी घराचा पत्ता आणि गाड्यांच्या वेळा नागपूरला कळवाव्यात. उन्हाळ्यात प्रागचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे रात्री आठला पोहोचल्याचा फोन केला तर घरी साडेअकरा वाजलेले असतात. पोहोचण्याची वाट न पाहता गाडीतूनच बोलून घ्यावे.

परतीचा प्रवास

सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि परतताना पोलीस गाडीत येऊन कागदपत्रे पाहू शकतात, म्हणून पासपोर्ट वरच्या बॅगेत ठेवू नये. सुटी सोमवारची असेल तर जर्मनीत मोठ्या स्थानकांतली दुकाने सोडून बहुतेक बाजार रविवार-सोमवार बंद असतो. प्रागमधील दुकाने रविवारी उघडी असतात. दूध, पाव आणि मंगळवारच्या डब्याची भाजी तेथूनच घेऊन गाडीत बसावे.