स्टोनफ्लाय ओळखताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगड उलटून किडे पाहणारे निसर्गप्रेमी दिसू लागतात. फार चांगली गोष्ट आहे ही. फक्त फोटो काढायचा, अ‍ॅपने सुचवलेलं पहिलं नाव उचलायचं आणि नोंद करून मोकळं व्हायचं, ही घाई नको. चुकीची नोंद पुढे वर्षानुवर्षं नकाशात राहते.

स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय हे दोन वेगळे किडे, पण दोघांचीही पिल्लं ओढ्यातच वाढतात आणि सहज गल्लत होते. सुरुवात होते ती शेपट्यांपासून. दोन शेपट्या असल्या तर स्टोनफ्लाय, तीन असल्या तर मेफ्लाय, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. पण एपिओरस या मेफ्लायला दोनच शेपट्या असतात. ती पश्चिम घाटात आहे आणि राहतेही वाहत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून. शिवाय पकडताना शेपटी तुटते ती वेगळीच. म्हणून भिंगातून पाय बघा. स्टोनफ्लायच्या पिल्लाच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पिल्लाला एकच. मग कल्ले बघा. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडेने असतात, तर आपल्याकडे दिसणाऱ्या पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लायचे छातीखाली, पायांच्या बगलेत, पांढुरके झुपके असतात. ट्रेमधल्या साचल्या पाण्यात प्राणवायू कमी पडला की हे पिल्लू दंड काढल्यासारखं अंग वरखाली करतं. कल्ल्यांवरून पाणी फिरतं राहावं म्हणून त्याची ही धडपड असते. असं दिसलं की निरीक्षण आवरतं घ्या आणि त्याला प्रवाहात सोडा.

दुसरी चूक प्रदेश न बघण्याची. ओढ्यातल्या मोठ्या, तपकिरी पिल्लाला अ‍ॅप सहज टेरोनार्सिस कॅलिफोर्निका म्हणेल. ही जाती उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली. तिचे कल्ले पोटाच्या पहिल्या दोन वलयांवरही असतात, त्यामुळे किडा उलटा करून पाहिला तरी शंका फिटते.

पण नकाशा हा पुरावा मानणं ही तितकीच मोठी चूक. झापाडा ग्लेसियर ही हिमनद्यांच्या थंडगार ओढ्यांतली स्टोनफ्लाय आधी फक्त अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ग्लेसियर नॅशनल पार्कमधून माहीत होती. तिची पिल्लं भाईबंदांपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढता येत नाहीत. डीएनए तपासणी झाली तेव्हा ती वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टेटन नॅशनल पार्कमध्येही सापडली. २०१९ मध्ये अमेरिकेने तिला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण दिलं, म्हणजे ओळख अचूक असण्याला किती महत्त्व आहे बघा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो पिल्लावरून थेट जाती ठरवण्यात. निओपर्ला या पर्लिडी कुळातल्या प्रजातीत (जीनसमध्ये) जाती (स्पीशीज) भरपूर आणि रंग फसवे. कात टाकल्यावर पिल्लू फिकट दिसतं, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. प्रौढाच्या डोक्यावर मोठ्या डोळ्यांशिवाय ठिपक्यांसारखे दोनच साधे डोळे दिसले तर निओपर्लाच्या दिशेने जाता येतं. जाती मात्र प्रौढ नराच्या जननांगांवरूनच ठरते, आणि ते काम सूक्ष्मदर्शकाखालचं. तोवर नोंदीत ‘निओपर्ला, जाती अनिश्चित’ असं बेलाशक लिहा. सोबत ओढ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, आणि वरून, खालून व डोक्याचा असे तीन फोटो द्या. अभयारण्यात नमुना गोळा करायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.