मंदावलेला कॉम्प्युटर आणि कोकणातली हवा: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला सल्ला ठरलेला, ‘फॉरमॅट मारून घे’. फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या; कारण मरायला टेकलेली हार्डडिस्क, कोंदलेला पंखा, हिरवट चढलेला कनेक्टर हे सगळं जागच्या जागीच असतं. म्हणून आधी अडवतंय कोण ते बघायचं. त्याला पैसा लागत नाही, पंधरा मिनिटं लागतात.

मशीन चालू करा आणि दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. काहीच काम चालू नसताना डिस्कचा आकडा शून्य ते पाच टक्क्यांच्या आसपास हवा. तो शंभरावर चिकटला असेल, तर खाली वाचण्याचा वेग बघा. डिस्क शंभर टक्के कामात आणि वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी, असं चित्र दिसलं की समजावं: डिस्कभर विखुरलेले लहानलहान तुकडे मागितले जातायत आणि डिस्कची सुई ते गोळा करत फिरतेय. तिथेच ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो. चांगल्या हार्डडिस्कला १० ते २० मिलिसेकंद लागतात. शेकड्यात गेला तर डिस्क दमलीय किंवा तिची केबल खराब आहे.

आता नेहमीचं काम उघडा. आंबापेट्यांच्या हिशोबाची एक्सेल, सातबाऱ्याच्या दोनतीन पीडीएफ, ब्राउझरचे आठदहा टॅब, व्हॉट्सॲप वेब. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर गेली, तर रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी) कमी पडतेय. मजा अशी की रॅम संपली की विंडोज जास्तीचा माल हार्डडिस्कवर ठेवतं, त्यामुळे दोष रॅमचा असतो आणि बोंब डिस्कच्या नावाने होते. दोन्ही आकडे एकत्र बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

त्याच खिडकीत सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री शटडाउन करूनही तिथे चाळीस दिवस दिसत असतील तर घड्याळ चुकलेलं नाही. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, आतला गाळ तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच तो निघतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

आणि एक गोष्ट आधीच वेगळी काढा: कॉम्प्युटर स्लो आहे की नेट? पावसात झाड पडून फायबर तुटली की वेबसाइट रखडतात. नेट बंद करून डिस्कवरचा एखादा मोठा फोटो उघडा. तो पटकन उघडला तर मशीनवर खर्च करू नका.

पंखा, पेस्ट आणि पावसाळा

मशीन सुरुवातीला बरं चालतं, वीस मिनिटांनी रांगायला लागतं आणि पंखा घरभर ऐकू येतो, तर ती उष्णता आहे. खात्री करायची तर सीपीयूच्या पानावर ‘बेस स्पीड’ आणि चालू ‘स्पीड’ ताडून बघा. काम नसताना स्पीड खाली असणं ठीक आहे. पण सीपीयू ९०-१०० टक्के कामात असताना २.९ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर घुटमळत असेल, तर तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतोय.

आपल्याकडे हे जास्त होतं. रस्त्याची तांबडी माती, चिरेखाणीची धूळ, चुलीचा धूर कॅबिनेटमध्ये शिरतो आणि पावसात हवेतलं पाणी पिऊन त्याचा गोधडीसारखा जाड थर होतो. हा थर पंख्याच्या पात्यांवर दिसतो तेवढा नसतो. खरा असतो पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांच्या तोंडाशी. वरून ब्रश फिरवून तो निघत नाही, पंखा सोडवावाच लागतो. घर शाकारायच्या सुमारास, म्हणजे मिरगाआधी, कॅबिनेट एकदा उघडावं आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा.

वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेट खळ्यात न्या, घरात नको. ब्लोअर हातभर अंतरावर धरा आणि पंख्याच्या पात्यात जुनी रिफिल अडकवून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला की त्याचं बेअरिंग जातं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, उघडू नका; त्यात वायर काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज राहतं. बाहेरून जाळीतून हवा मारली की पुरे. मुंग्यांचं वारूळ किंवा मेलेली पाल आत दिसली तर तो सरळ बदला.

तीनचार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची, त्याची उष्णता कूलरपर्यंत (हीटसिंक आणि पंख्यापर्यंत) पोचवणारी पेस्टही वाळून खडू झालेली असते. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. खुंटीवरच्या बाणाच्या दिशेने पाव वेढा द्या आणि वर ओढा. एएमडीच्या जुन्या, पिनांच्या प्रोसेसरला मात्र सावध राहा. थंड असताना कूलर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर किंचित डावीउजवीकडे फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्याने पुसा. नवी पेस्ट मध्यभागी, मटाराच्या दाण्याहून थोडी लहान. पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते. इंटेलच्या खुंट्या परत बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या एकदम दाबा आणि मदरबोर्डाच्या मागून बघा की चारही काळे दांडे पूर्ण बाहेर आलेत. एक जरी अर्धवट राहिला, तर मशीन काही मिनिटांतच ९० अंशांच्या वर जाईल आणि तुम्ही पेस्टला दोष देत बसाल.

खारी हवा

हा भाग घाटावरच्या सल्ल्यांत सापडत नाही. समुद्रापासून दोनचार किलोमीटरच्या आतल्या घरांत कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर चढतो. रॅमवर चढला तर मशीन मध्येच निळा स्क्रीन दाखवतं किंवा बीप करत राहतं. रॅम काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या पेन्सिल-खोडरबराने हलके घासा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

साटा केबलवर, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीवर, चढला तर मात्र मशीन सहसा बंद पडत नाही, फक्त स्लो होतं, आणि म्हणून तो लक्षात येत नाही. डिस्ककडून आलेला डेटा वाटेत बिघडतो, बोर्ड तो पुन्हा मागतो, पुन्हा बिघडतो. हे पकडायचं तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात तीन ओळी बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नसतील आणि वाढत असतील, तर डिस्क जात चाललीय. त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा. पण ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर’ एवढाच आकडा वाढत असेल, तर डिस्क चांगली आहे, केबल बदला. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे नवी केबल लावल्यावर तो थांबला का एवढंच बघायचं. आकडे सोळाच्या पद्धतीत असतात: ‘०ए’ म्हणजे दहा. चांगली डिस्क फेकून देऊन एसएसडी (सुईऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घेतली आणि तिलाही तीच सडकी केबल लावली, हा प्रकार पाहायला मिळतो.

कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच आणि चिऱ्याच्या भिंतीपासून दूर ठेवा; जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात. बंद केल्याबरोबर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल आत कोंडते. पावसात रोज अर्धा तास तरी मशीन चालवावं, स्वतःच्या उष्णतेने ते आतून कोरडं राहतं.

बंद घरांचं गणित वेगळं. चाकरमानी गणपतीला येतात, मशीन चालू करतात आणि ते दोन दिवस रडत राहतं. त्यात बिघाड काही नसतो. मे महिन्यापासूनचे विंडोजचे अपडेट एकदम उतरत असतात. पहिल्या रात्री नेटला जोडून चालू ठेवा, सकाळी रीस्टार्ट करा. तारीख मागे गेलेली असेल आणि प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो ३ व्होल्टचा असतो, मीटरवर २.७ च्या खाली दिसला की बदला.

खर्च करायचाच असेल तर

आधी एसएसडी. हार्डडिस्कवरचं मशीन २५६ जीबीच्या साध्या साटा एसएसडीने जेवढं बदलतं तेवढं दुसऱ्या कशानेही बदलत नाही. जुन्या बोर्डाचा साटा पोर्ट अर्ध्या वेगाचा असला तरी फारसा फरक पडत नाही. खरा फायदा सुईचं फिरणं संपल्याचा असतो. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायचं की नवीन विंडोज टाकायचं? डिस्कमध्ये खराब सेक्टर असतील तर क्लोनच्या फंदात पडू नका, मध्येच अडकतं. क्लोन केलंच तर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर मशीन गुपचूप जुन्यावरूनच चालू होतं. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका. एसएसडीवर डीफ्रॅग (फायलींचे तुकडे एकत्र लावणं) करू नका आणि १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

मग रॅम. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत आणि स्पीड किती ते दिसतं. १३३३ किंवा १६०० म्हणजे डीडीआर३, २१३३ ते ३२०० म्हणजे डीडीआर४; एकाची दुसऱ्यात बसत नाही. ४ ची ८ करा. पण आधी सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये विंडोज ३२ बिटचं आहे का बघा, असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जात नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जरवरचे वॉट वाचा. ६५ वॉटच्या जागी ४५ चा लावला की अनेक लॅपटॉप मुद्दाम मंद चालतात.

बाकी किरकोळ: टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतून नको ते बंद करा, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. मशीन ‘फास्ट’ करून देणारी क्लीनर सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांतली बरीचशी स्वतःच ओझं असतात. वीज सारखी जात असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस हवाच. डिस्क लिहीत असताना वीज गेली की फायली बिघडतात. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोनतीन वर्षांनी बदलावी लागते.

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचं मशीन त्याआधीचं असेल तर एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या; इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप होतं. टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. तेव्हाच प्रिंटर आणि वायफाय चालतात का ते तपासा.