जेलमधून सुटलेल्याला खोली भाड्यानं देताना

कोल्हापुरात मंगळवार पेठेतली आमची मागची खोली मी कळंबा जेलमधून सुटलेल्या एकाला दिली, तेव्हा गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तुम्ही देणार असाल तर आधी माणसाला समोर बसवा, चहा द्या आणि सरळ विचारा: काय केलंस, किती वर्षं काढलीस, आता काम कुठं? आमचा गडी उद्यमनगरात लेथवर लागला होता. मालकाला मी स्वतः भेटून आलो.

करार ११ महिन्यांचा, पण नोंदणी केलेलाच. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणी घरमालकाची जबाबदारी. चुकलात तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे भाडेकरू बाहेर आणि आपण कळंब्याला! पोलीस ठाण्यातही माहिती द्या.

खरं अवघड शेजाऱ्यांचं. त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका, माझी तीच चूक झाली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या पोरी क्लासवरनं आठला येतात, भाऊजी." त्या भीतीला हसू नका. पोरीबाळींना त्रास दिलेला असता तर मीही घेतला नसता. पण "असल्यांना गावाबाहेर ठेवा" म्हणणाऱ्या तात्यांना मी विचारलं, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींची रोजची सक्तीची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ ला बंद केली, ती कुठल्या संस्थानात? तात्या गप्प. पटलं नव्हतंच.

भाडं इतरांएवढंच घ्या. आणि पाण्याची पाळी पहिल्याच दिवशी ठरवा; आमच्याकडं पहिलं भांडण त्यावरनं झालं, जेलवरनं नाही.