कारल्याचं बी कुंडीतच सडत होतं, त्यावरचा उपाय (माझा अनुभव)

लक्षण असं: जूनमध्ये लावलेलं कारल्याचं बी आठ-दहा दिवसांनीही वर येत नाही. उकरून पाहिलं तर बी मऊ पडलेलं, पांढरी बुरशी आणि कुबट वास.

बी बदललं, राख टाकली, हळदीच्या पाण्यात भिजवलं. तिसऱ्यांदा बी सडलं तेव्हा मंडईतूनच कारली आणावीत असं ठरवलं होतं.

शेवटी जमलं ते असं. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड (बुरशी मारणारं जंतुनाशक द्रावण) आणलं. लेबल नीट वाचा: '२० व्हॉल्यूम' म्हणजे साधारण ६ टक्के, '१० व्हॉल्यूम' म्हणजे ३ टक्के. माझं ६ टक्क्यांचं होतं, म्हणून तेवढंच पाणी घालून ३ टक्के केलं. हातमोजे घाला, कातडी पांढरी पडून चुरचुरते. बी त्यात दहा मिनिटं ठेवलं. बुडबुडे येतात, येऊ द्या. मग साध्या पाण्याने तीनदा धुतलं. त्यानंतरच नेलकटरने टोकाचं कवच किंचित कापलं. आधी कापलं तर द्रावण थेट आतल्या गराला लागतं. रात्रभर पाण्यात, मग पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. मोड दिसताच नव्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक इंच खोल. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये.

आठपैकी सहा उगवले.

पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतो, त्यामुळे पुढे त्याचं संरक्षण उरत नाही. कुंडी चिकचिकीत ठेवली तर बी पुन्हा सडेल. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर दोन्ही एकत्र नको, तीही बुरशीच, मरते.