बंद कारखान्यांच्या काठावर उद्यान करायचंय? आधी जमीन वाचायला शिका

लँडस्केप आर्किटेक्चर शिकणारी मुलं-मुली हल्ली वरचेवर विचारतात : जुन्या गोद्या, बंद पडलेले गॅसचे कारखाने, कोळशाचे धक्के अशा पाण्याकाठच्या जमिनींची सार्वजनिक उद्यानं करायच्या कामात यायचं असेल, तर काय शिकावं? मी मुंबईत आर्किटेक्चर केलं, पुढे सिअ‍ॅटलला लँडस्केपमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि तेव्हापासून अशाच जमिनींवर काम करते आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. भारतात पुण्याचं बीएनसीए, अहमदाबादचं सेप्ट, दिल्लीचं एसपीए ही या विषयाची चांगली ठिकाणं. अमेरिकेत आलात तर पदवीनंतर परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. पण या विशिष्ट कामात कॉलेजच्या नावापेक्षा तुम्ही कोणते जास्तीचे विषय घेतलेत हे जास्त उपयोगी पडतं. मृदाशास्त्र, भूजल आणि पर्यावरण कायदा हे तीन सोडू नका. शिवाय दूषित जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी इथे ४० तासांचं सुरक्षा प्रशिक्षण असतं आणि दरवर्षी त्याची ८ तासांची उजळणी. नोकरीच्या अर्जात ते दिसलं की ऑफिसं लगेच लक्ष देतात, कारण मग तुम्हाला थेट साइटवर पाठवता येतं.

आता खऱ्या कामाकडे येते. झाडं निवडणं, बाकं मांडणं हे सगळ्यात शेवटी. सुरुवात कागदांपासून. अमेरिकेत व्यापारी जमिनीचा व्यवहार होण्याआधी तिचा पूर्वेतिहास तपासतात, आणि त्या पहिल्या टप्प्यात कुदळ लागत नाही. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवाने चाळायचे. माझी सर्वांत आवडती कागदपत्रं म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी केलेले, त्यामुळे त्यांत प्रत्येक शेड, प्रत्येक टाकी, बॉयलर कुठे होता, भिंत विटांची की लाकडाची, सगळं टिपलेलं. शंभर वर्षांपूर्वी तेलाची टाकी कुठे होती ते कळलं, की आज बोअर कुठे घ्यायचा तेही कळतं. हा अभ्यास कंटाळवाणा समजून कुणावर तरी ढकलू नका. अख्ख्या आराखड्याची दिशा इथे ठरते.

दुसऱ्या टप्प्यात बोअर. ड्रिलवाले पोकळ नळी जमिनीत ठोकत जातात आणि मातीचा उभा नमुना प्लॅस्टिकच्या आवरणात बाहेर काढतात. टेबलावर ते आवरण उभं चिरलं, की जमिनीचा इतिहास समोर आडवा पडतो. वर तपकिरी भराव, त्यात विटांचे तुकडे आणि राख. सगळ्यात खाली मूळ तळाचा करडा गाळ. आणि गॅसच्या कारखान्याची जागा असेल तर या दोन्हींच्या मध्ये काळा, चकाकणारा, चिकट पट्टा : कोळशापासून गॅस करताना उरलेलं डांबर. पहिल्यांदा असा पट्टा उघडला तेव्हा वास लगेच ओळखीचा वाटला : आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा. त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातूनच निघतं, त्यामुळे हे साहजिकच होतं. मुद्दाम हुंगायला मात्र जायचं नाही. वाफा मोजायचं यंत्र असतं, ते नमुन्यावरून फिरवायचं. खोली, रंग, ओल, कणांचा आकार वहीत उतरवायचं. हे डांबर पाण्यापेक्षा जड. ते खाली झिरपत चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि मग त्या थराच्या उतारावरून सरकत राहतं. तो उतार तळ्याकडे असेल तर डांबरही तळ्याकडे. म्हणून तुमच्या आराखड्यात टेकडी कुठे, पाणी मुरवायचं कुठे आणि कुठे थेंबही मुरू द्यायचा नाही, हे तो न दिसणारा थर ठरवतो. ड्रिलवाल्यांच्या शेजारी उभं राहून शिका. त्यांच्या हाताला जमीन कळते.

सिअ‍ॅटलचं गॅस वर्क्स पार्क या सगळ्याची शाळा आहे. लेक युनियन या तळ्याच्या उत्तर काठावर १९०६ ते १९५६ या काळात आधी कोळशापासून आणि पुढे तेलापासून गॅस तयार होत होता. नैसर्गिक वायूची पाइपलाइन आली आणि कारखाना बंद पडला. शहराने जमीन घेतली तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की सगळं लोखंड भंगारात काढावं आणि हिरवळ लावावी. उद्यानाचे रचनाकार रिचर्ड हाग यांनी मात्र कारखान्याचे मनोरे ठेवायचे ठरवलं. त्यांनी कारखान्यातल्याच जुन्या लोहारशाळेत ऑफिस थाटलं आणि लोकांना तिथे बोलावून आपलं म्हणणं पटवलं. विरोध कमी नव्हता. ज्या नगरसेविकेचं नाव उद्यानाला द्यायचं ठरलं होतं, तिच्या कुटुंबाने मनोरे राहणार म्हणून नाव मागे घेतलं. १९७५ मध्ये उद्यान खुलं झालं. यंत्रघरात मुलं खेळू लागली, बॉयलरघरात सहलीच्या पंगती बसू लागल्या आणि राडारोड्याचा ढीग मातीने झाकून जी टेकडी केली तिच्यावर आज पतंग उडतात.

हाग यांचं मातीचं काम मला मनोऱ्यांपेक्षाही धाडसी वाटतं. दूषित माती सगळी उचलून दुसऱ्या कुणाच्या दाराशी नेऊन टाकण्याऐवजी त्यांनी तिच्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा नांगरून मिसळला, म्हणजे तेल खाणारे जीवाणू वाढावेत. सत्तरच्या दशकात ही कल्पना फार पुढची होती. पण खोलवरच्या डांबरापर्यंत तिचा हात पोचला नाही. १९८४ मध्ये प्रदूषणाच्या तपासण्यांनंतर उद्यान काही काळ बंद ठेवावं लागलं. पुढे स्वच्छ मातीचे थर चढवले, बेंझिन हे विषारी रसायन काढायला जमिनीत हवा सोडली. आजही काठावर पाण्यात उतरू नका अशा पाट्या आहेत, कारण तळाचा गाळ अजून दूषित आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झालेली ही जागा अजून पूर्ण बरी झालेली नाही, आणि नवख्यांनी हे दोन्ही एकत्र पाहावं असं मला मनापासून वाटतं. अशा उद्यानांत गवतात कुठेकुठे छोटी गोल लोखंडी झाकणं दिसतात. ती भूजल तपासायच्या विहिरींची. उद्घाटनाचे फोटो निघून गेल्यावर वर्षानुवर्षं त्या झाकणांखालचं पाणी कुणीतरी तपासत असतं. सुरुवातीच्या नोकरीत ते कुणीतरी बहुधा तुम्हीच असाल. ते काम मानाने करा.

काठाचं बांधकाम हा दुसरा मोठा विषय. न्यूयॉर्कचं ब्रुकलिन ब्रिज पार्क जुन्या मालवाहू धक्क्यांवर केलेलं आहे. तिथला पहिला धक्का बराचसा भरावावर, म्हणून त्यावर टेकड्या आणि मोठी झाडं पेलली. बाकीचे बहुतेक पाण्यात रोवलेल्या खुंटांवर उभे, मातीचं मोठं वजन त्यांना झेपत नाही, म्हणून काहींवर खेळाची मैदानं आली. दुसऱ्या धक्क्यावर तर जुन्या शेडचा पोलादी सांगाडा तसाच ठेवून खाली बास्केटबॉलची कोर्टं केली. पाहणाऱ्याला ती रचनाकाराची आवड वाटते, पण ती वजनाच्या गणितातून आलेली आहे. आणखी एक गोष्ट : बंदराचं पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झालं तसे लाकूड पोखरणारे सागरी जीव परतले आणि खुंट खाऊ लागले. दुरुस्तीचा खर्च प्रचंड. पाणी सुधारलं तर काय काय परत येईल, हेही आराखड्यात धरावं लागतं. २०१२ च्या सँडी वादळात तिथली खूपशी झाडं वाचली, कारण जमीन आधीच उंचावलेली होती आणि खारं पाणी मुळांत साचून राहिलं नाही.

देखभालीचे पैसे कुठून येणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. ब्रुकलिनमध्ये उद्यानाच्या हद्दीतच इमारती बांधून त्या उत्पन्नातून देखभाल होते आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. मला ती तडजोड आवडत नाही, पण देखभालीची सोयच न करता उद्यान खुलं करणं त्याहून वाईट.

आणि उद्यान कोणासाठी? सिअ‍ॅटलच्याच ड्युवामिश नदीकाठी जुन्या डांबर कारखान्याच्या जागेवर २०२२ मध्ये लोकांसाठी उद्यान झालं. आजूबाजूला राहणारे बरेच लोक स्थलांतरित, त्यांतले काही नदीतले मासे धरून खाणारे. नदीत कायम राहणारे मासे आणि खेकडे खाऊ नका, समुद्रातून येणारा सामन मासा चालेल, हा इशारा तिथे स्पॅनिश, व्हिएतनामी, ख्मेर अशा भाषांत द्यावा लागतो. लोकांची बैठक घ्यायची तर संध्याकाळी, त्यांची कामाची पाळी संपल्यावर, दुभाषा बरोबर घेऊन आणि मुलांच्या खाण्याची सोय करून. हे कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मुंबईतल्या मुलांनी यासाठी परदेशी जायलाच हवं असं नाही. मिठी नदीच्या काठावर, धारावीला लागून, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा. त्या ढिगावर माती आणि झाडं लावून १९९४ मध्ये ते खुलं झालं. आज तिथे फिरताना पायाखाली कचरा आहे हे सांगूनही पटत नाही. उलट बाजूचं उदाहरण गिरण्यांचं. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावाला केवढी बाग मिळायची होती याचा विचार केला की मला अजून राग येतो. विकास नियंत्रण नियमावली आणि सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची, अधिसूचना मुळातून वाचायची सवय म्हणूनच लावून घ्या. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींचे निर्णय तुमच्याच कारकिर्दीत व्हायचे आहेत.

ओहोटीची वेळ बघून शिवडीच्या धक्क्यावर जा. खाजण किती दूरवर उघडं पडतं, फ्लेमिंगो कोणत्या पट्ट्यात चरतात, तिवरं कुठून सुरू होतात, ते नकाशावर आखा. तिथल्या कोळ्यांशी बोला. गाळ कुठे वाढला, मासळी कुठून कमी झाली हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. मग एका जागेचं मालमत्ता पत्रक मिळवा, जुने नकाशे जोडा आणि त्या जागेचा एक छेद काढा : वरच्या झाडापासून भराव, गाळ आणि खालच्या खडकापर्यंत, भरतीची रेषा दाखवून. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. पोर्टफोलिओत संगणकावर केलेली झगमगीत चित्रं प्रत्येकाची असतात. नव्या उमेदवारांचे अर्ज बघताना मी आधी असा छेद आहे का तेच पाहते, आणि मुलाखतीत त्या प्रश्नचिन्हांबद्दलच विचारते.