बेळगावातून ललित कलेच्या प्रवेशाला: हात, गळा आणि कागदपत्रे

चित्रकला, संगीत किंवा नाटक विद्यापीठात शिकायचे ठरले, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांनी पीयूसीच्या (अकरावी-बारावी) पहिल्याच वर्षी तयारीला लागावे. सरकारी ठिकाणी अर्जाची मुदत बऱ्याचदा निकालाआधीच संपते. निकाल हातात घेऊन चौकशीला निघालेल्याला मग खासगी संस्थेची जड फी भरण्यावाचून पर्याय उरत नाही.

आधी ठिकाण ठरवा. गायन-वादनासाठी धारवाड सर्वांत जवळ, साधारण 75 किलोमीटर. तिथल्या कर्नाटक विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयामागे हिंदुस्थानी गायकीची थोर परंपरा आहे. राग-तालांची परिभाषा मराठी-कानडी दोन्हीकडे एकच, त्यामुळे वर्गात अडत नाही. पण संगीतशास्त्राचा पेपर कोणत्या भाषेत लिहिता येतो, हे अर्जाआधी विचारून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासूनचे; तिथे संगीत, नृत्य आणि नाटक गुरुकुल पद्धतीने शिकवतात, चित्रकला नाही. चित्रकलेच्या चार वर्षांच्या बीएफए पदवीला महाराष्ट्रात राज्य सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा 1950 ची, आणि तिथली प्रवेश परीक्षा वेगळी.

चित्रकलेची परीक्षा

महाराष्ट्राच्या सीईटीत वस्तुचित्र (समोरच्या वस्तू पाहून), संकल्पचित्र (रंगीत रचना), स्मरणचित्र (आठवणीतून) आणि सामान्यज्ञान असे चार भाग येतात. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमीजिएट किंवा कर्नाटकातली लोअर-हायर ग्रेड दिलेल्यांना विषय ओळखीचे वाटतात, आणि घात तिथेच होतो. शाळेतली घोटीव बाह्यरेषा इथे पुरत नाही. वस्तू कागदावर नीट बसली आहे का, हे परीक्षक आधी पाहतात.

वस्तुचित्रात सर्वांत जास्त चुका भांड्याच्या तोंडाच्या आणि बुडाच्या लंबगोलात होतात. तांब्या किंवा बादली डोळ्याच्या पातळीखाली असते, म्हणून तोंडापेक्षा बुडाची कड जास्त गोल वळते. बूड सपाट रेषेने काढले, की भांडे टेबलावर टेकत नाही. लंबगोलाच्या दोन टोकांना कोपरा पडू देऊ नका; तिथेही रेषा वळतच असते. प्रत्येक भांड्याचा उभा अक्ष आधी हलक्या रेषेने काढा आणि डावी-उजवी बाजू त्यावरून मोजा. दुसरी चूक बसण्याची. पॅड टेबलावर आडवे ठेवले, तर कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि चित्र नकळत वरच्या बाजूला ताणले जाते. पॅड मांडीवर तिरके टेकवा आणि दर दहा मिनिटांनी हात लांब करून चित्र पाहा.

सरावाला रोज एकच मांडणी पुरे: एक धातूचे भांडे, एक मातीचे, एक फळ आणि घडी पडलेले फडके, उजेड एकाच बाजूने. वेळ एक तास. पहिली दहा मिनिटे फक्त कागदावरच्या मांडणीला द्या. सगळा समूह मिळून कागदाचा साधारण दोन तृतीयांश भाग व्यापायला हवा. खुणा एचबी पेन्सिलीने करा, छायेला 2बी आणि 4बी घ्या. 6बी शेवटच्या गडद जागांपुरती. बोटाने पेन्सिल पसरवू नका. त्याने सगळीकडे एकच मळकट करडेपणा येतो आणि धातू-मातीतला फरक मरतो.

संकल्पचित्राला पोस्टर कलर घेतलात, तर रंग साईइतका दाट ठेवा. पाणी जास्त झाले की पट्टे उमटतात. वाळल्यावर गडद छटा थोडी फिकट पडते, पांढरा मिसळलेली छटा किंचित गडद होते. म्हणून एक छटा पुरेल एवढी एकदाच कालवा. दुसऱ्यांदा ती जुळत नाही.

स्मरणचित्रासाठी स्केचबुक घेऊन बाहेर पडा. गणपत गल्लीतली भाजीवाली, एसटी स्टँडवरचे सामान, शिवजयंतीच्या चित्ररथाभोवतीची गर्दी: प्रत्येक आकृतीला दोन मिनिटे, खोडरबर घरी. सपाट जमिनीवर तुम्ही उभे राहून पाहत असाल, तर तुमच्याच उंचीची उभी माणसे जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात. एवढे सांभाळले तरी गर्दी खरी वाटते. आपल्या गावात असे विषय मुबलक असताना पुस्तकातले ठरीव ‘समुद्रकिनारा’ घोटत बसू नका.

गाण्याची आणि नाटकाची चाचणी

प्रवेश समितीकडे वेळ थोडा असतो. विलंबित (संथ) एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, 45 ते 60 सेकंद घेते, म्हणजे पाच मिनिटांत पाच-सहा आवर्तनेच. यमन, भूप किंवा बिहाग यांतला एक राग दोन मापांत बसवा: दहा मिनिटांचा आणि चार मिनिटांचा. चार मिनिटांच्या मापात आलाप आटोपता ठेवून द्रुत (जलद) बंदिशीपर्यंत पोचायचे आहे. तबल्याच्या ॲपवरच सराव केलेली मुले प्रत्यक्ष तबलजीसमोर सम (तालाची पहिली मात्रा) चुकवतात, कारण त्याने मधल्या बोलांनी ठेका भरल्यावर मात्रा सुट्या ऐकू येत नाहीत. शेवटचे दोन महिने तरी माणसासोबत गा. तीनताल, एकताल, झपताल, रूपक हातावर टाळी-खालीसह म्हणता आले पाहिजेत. आपली पट्टी (सा कुठला, ते) साथीदाराला आधीच सांगा.

नाटकाला दोन-तीन मिनिटांची दोन स्वगते तयार ठेवा, एक प्रमाण मराठीत आणि एक आपल्या बेळगावी बोलीत. बोली लपवू नका. ऐनवेळी दिलेल्या प्रसंगात ती आपोआप तोंडात येते आणि तेव्हाच अभिनय मोकळा होतो. मागच्या वर्षभरात वाचलेल्या आणि पाहिलेल्या नाटकांबद्दल विचारतात, तेव्हा नुसते कथानक सांगू नका; प्रवेश कसा बसवला होता, ते सांगा.

कागदपत्रे

महाराष्ट्रात जायचे तर टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), पीयूसीची मूळ गुणपत्रिका आणि मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. मायग्रेशनचा अर्ज निकाल लागताच करा. महाराष्ट्राने दावा केलेल्या कर्नाटकातल्या 865 गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांत सवलत असते. त्यासाठी सीमाभागातील रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. साध्या कागदावरचा दाखला परत येतो. कर्नाटकातला जातीचा दाखला तिकडच्या आरक्षणाला सहसा चालत नाही, तेव्हा फीचा हिशेब खुल्या प्रवर्गाचा धरा.

आणि नाव तपासा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) कार्डावर अनेकांची नुसती आद्याक्षरे असतात, आधारवर पूर्ण नाव. ऑनलाइन अर्जात दोन्ही जुळत नाहीत आणि पडताळणी अडते. आधारमधली दुरुस्ती किंवा नोटरीचे प्रतिज्ञापत्र पीयूसीच्या परीक्षेआधीच करून ठेवा.